मुळाचा कागद कोणाच्या मालकीचा?

बडोद्याच्या गादीवर १८७५ साली ज्या मुलाला दत्तक घेऊन बसविण्यात आले, तो कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ होता, ही गोष्ट राजवाड्यातील मानकऱ्यांपासून कवळाण्याच्या गुराख्यापर्यंत सर्वांना ठाऊक होती. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर आलेले शाहू महाराज म्हणजे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, हेही कोणी दडवून ठेवले नाही. दडविण्याचे कारणच नव्हते. १८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले, तेव्हापासून दत्तकाचा प्रत्येक कागद संस्थानिकांनी जिवापाड जपला. त्या कागदामागे राज्य होते, खजिना होता, वारसा होता. मूल कोणाच्या पोटचे आणि कोणाच्या ओटीत गेले, हे नक्की असल्यावाचून त्या मालमत्तेला धनी मिळत नव्हता.

ज्या मुलाच्या मागेपुढे कसलीच मालमत्ता नाही, त्याच्या दत्तकाचा कागद मात्र कोणालाच जपावासा वाटत नाही. रुग्णालयाच्या पायरीवर, देवळाच्या ओवरीत किंवा अनाथालयाच्या दारातील पाळण्यात सापडलेले मूल, किंवा कुमारी मातेने एका सहीनिशी संस्थेच्या स्वाधीन केलेले मूल, तिशी-चाळिशीत पोचल्यावर ‘माझी आई कोण, तिने मला का दिले’ असे विचारू लागते, तेव्हा त्याच्या पदरी बहुधा मौन पडते. एका टेबलावरचा कारकून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवितो आणि संस्थेचा विश्वस्त ‘जुने दप्तर पावसात भिजले’ असे सांगतो. राजपुत्राचे मूळ सांगणे राज्याच्या सोयीचे होते. अनाथाचे मूळ विसरणे समाजाच्या सोयीचे आहे. दत्तकाचा प्रश्न केवळ वात्सल्याचा आणि भावनेचा मानणाऱ्यांनी त्यातील हा वर्गभेद आधी ध्यानी घ्यावयास हवा.

महाराष्ट्राला याहून वेगळे उदाहरण घरातच उपलब्ध आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, एवढी त्यामागील दृष्टी होती. म्हणजे गुप्ततेचे मोल त्या दांपत्यास पुरेपूर कळत होते. तरीही तेथे आलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, तेव्हा त्याच्या जन्माची हकीगत त्यांनी पुसून टाकली नाही. यशवंताच्या आईचे काशीबाई हे नाव आज इतिहासात आहे आणि ते नाव राहिल्याने डॉ. यशवंत फुल्यांचे किंवा त्यांच्या आईबापांचे काही उणे झाले नाही. आईला आडोसा द्यावा आणि मुलाला सत्य द्यावे, या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. त्यानंतरच्या कायदेपंडितांना मात्र ते जमलेले दिसत नाही.

आजच्या कायद्याची स्थिती प्रथम पाहू. दत्तक गेलेल्या सज्ञान व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेता येतो, हे तत्त्व भारतात आता नियमांत आलेले आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र कलम होते आणि २०२२ च्या नियमावलीनेही ती तरतूद चालू ठेवली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने स्वतः अर्ज करावा, त्याहून लहान असल्यास दत्तक आईबापांसह करावा. अर्ज प्राधिकरणाकडे, राज्याच्या दत्तक यंत्रणेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा ज्या संस्थेने मूल दिले तिच्याकडे करता येतो. परदेशस्थ व्यक्तीला तेथील मान्यताप्राप्त संस्था किंवा भारतीय वकिलात हेही मार्ग खुले आहेत. अर्ज आल्यावर साहाय्य करणे हे या सर्वांचे कर्तव्य ठरविलेले आहे, ती मेहरबानी नव्हे. अर्जदाराशी बोलताना ही एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ठासून सांगावी, कारण कचेरीच्या दारात गेलेल्या माणसाला आपण भीक मागत आहोत असेच वाटावे अशी आपल्याकडील कचेऱ्यांची रीत आहे.

परंतु शोधाचा आरंभ कचेरीपासून करू नये. तो घरातील ट्रंकेपासून करावा. दत्तक कोणत्या कायद्याखाली झाले, हे कळल्यावाचून कोणत्या दारावर थाप मारावयाची हेच कळत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली आईबापांनी मूल थेट दुसऱ्या कुटुंबास दिले असेल, तर बहुधा दत्तकपत्र नोंदविलेले असते, त्यावर देणाऱ्यांची नावे व सह्या असतात आणि त्याची प्रत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळण्याची आशा असते. नात्यातल्या नात्यात झालेल्या दत्तकाचे कोडे पुष्कळदा एवढ्यावरच सुटते. संस्थेतून आलेल्या मुलाचे मात्र तसे नसते. मूल हिंदू कुटुंबात गेले असेल, तर संस्थेच्या प्रमुखाने पालक या नात्याने न्यायालयाची परवानगी घेऊन ते दिलेले असते. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी कुटुंबात किंवा परदेशात गेले असेल, तर जुन्या काळी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम घेतलेला असतो. दोन्ही प्रकारांत न्यायालयात एक फाइल झालेली असते. हुकुमावरील अर्जाचा क्रमांक, साल आणि न्यायालयाचे नाव एवढे तीन तपशील हाती आले, की निम्मी वाट सरली असे समजावयास हरकत नाही.

त्या फाइलीत काय असते? मुलाविषयीचा संस्थेचा अहवाल, संस्थेत दाखल झाल्याची तारीख, मूल कोणी आणून दिले याची नोंद, पोलीस ठाण्याचे किंवा रुग्णालयाचे पत्र, आणि आईने मूल स्वाधीन केले असेल तर तिचे त्यागपत्र. परदेशी दत्तकाच्या प्रकरणांत छाननी करणाऱ्या संस्थेचाही अहवाल असतो. अलीकडच्या काळातील प्रकरणांत बाल कल्याण समितीचा ‘दत्तकासाठी मुक्त’ असा दाखला आणि सापडलेल्या मुलाच्या छायाचित्रासह वृत्तपत्रात दिलेली जाहिरात असते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले. तेव्हा पुढील पिढीच्या शोधकर्त्यांना कलेक्टर कचेरीचे रेकॉर्ड धुंडाळावे लागेल. संस्थेचे आवक रजिस्टर, रुग्णालयाचे प्रसूती रजिस्टर आणि पोलीस ठाण्याची त्या दिवसाची नोंद ही तीन साधने एकमेकांशी ताडून पाहिली, म्हणजे कोणता कागद खरे बोलतो आणि कोणता खोटे, हेही पुष्कळदा उघड होते.

कारण कागद खोटेही बोलतात, आणि येथे अर्थशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागतो. ज्या वस्तूचा पुरवठा एका देशात आणि क्रयशक्ती दुसऱ्या देशात असते, तिच्या व्यापारात मधला दलाल बलवान होतो. मूल ही वस्तू नव्हे, हे सांगावयास नको. परंतु १९७० नंतर युरोप-अमेरिकेतून भारतीय मुलांना मागणी वाढली तेव्हा मधल्या काही मंडळींनी तिला वस्तू करून टाकले. परदेशी देणगीचा आकडा देशी दत्तकापेक्षा कितीतरी मोठा असल्यावर मूल कोणीकडे जाणार, हे भाकीत करण्यास प्रगत अर्थशास्त्र लागत नाही. आणि आईची संमती मिळविण्यापेक्षा ‘बेवारस सापडले’ असे लिहून टाकणे सोपे होते. आईच नाही म्हटल्यावर संमती कोणाची घ्यावयाची?

लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी या व्यापाराविषयी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि न्यायमूर्ती भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यावर जो निकाल दिला, त्यातूनच पुढे आजची सारी यंत्रणा उभी राहिली. निकाल थोर खराच. तरीही मुळाच्या प्रश्नावर त्यात एक वाक्य असे आहे की त्याची किंमत पुढे अनेकांनी मोजली. मूल सज्ञान झाल्यावर जन्मदात्यांची माहिती त्याला देण्यास फारशी हरकत नसावी, परंतु ती द्यावी की नाही हे परदेशी दत्तक आईबापांनी आपल्या विवेकाने ठरवावे, असा त्याचा आशय होता. म्हणजे पंचवीस वर्षांच्या प्रौढ नागरिकाच्या जन्माची किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात ठेवण्यात आली. पुण्यात जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या एका गृहस्थाला संस्थेच्या दप्तरातील स्वतःविषयीचे कागद पाहावयास मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, ते या मनोवृत्तीमुळेच.

त्या काळातील व्यवहाराचे हिशेब आता परदेशांत निघू लागले आहेत. स्वित्झर्लंडमधील झुरिक व थुर्गाउ या दोन कँटनांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास इतिहासकारांकडून करून घेतला. २०२४ साली तो ‘आई अज्ञात’ अशा अर्थाच्या जर्मन नावाने प्रसिद्ध झाला. तपासलेल्या फाइलींत जन्मदात्यांच्या संमतीचे कागद आढळले नाहीत, हा त्याचा निष्कर्ष. दक्षिण कोरियात तर सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सरकारलाच जबाबदार धरले. आईबाप हयात असताना मुलांची अनाथ म्हणून खोटी नोंद करून त्यांना परदेशी धाडण्यात आले, असे त्याने नमूद केले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात १९९९ आणि २००१ साली लंबाडा तांड्यांतील मुलींच्या खरेदीची प्रकरणे बाहेर आली होती. त्या मुली आज पंचविशी ओलांडत आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या जन्माचा कागद मागितला, तर हाती येणारा कागद विश्वासाचा असेल काय? शोध घेणाऱ्याने म्हणूनच ‘अज्ञात’ हा शब्द वाचून लगेच हात टेकू नयेत. ‘बेवारस’ म्हणून नोंदलेल्या प्रत्येक मुलाला कोणी टाकलेलेच होते, असे नव्हे.

आता दुसरी बाजू. ती त्या आईची आहे, आणि समाजवाद्यांनी तिच्याकडे पाठ फिरविणे शोभणार नाही. एकोणिसाव्या वर्षी, घरच्यांच्या धाकाने किंवा फसवणाऱ्याच्या पळपुटेपणाने एकाकी पडून, परगावच्या संस्थेत जी बाळंत झाली, ती आज साठीची असेल. तिचे लग्न झाले असेल, सुना-नातवंडे असतील, आणि त्या नऊ महिन्यांविषयी घरात अवाक्षर कोणास ठाऊक नसेल. अशा बाईच्या दारात एके सकाळी परदेशी चेहऱ्यामोहऱ्याची, तिच्याच डोळ्यांची एक बाई दुभाषा आणि कॅमेरेवाला घेऊन उभी राहिली, तर त्या क्षणी काय काय कोसळेल याचा हिशेब करावा. मुलाच्या हक्काने आईच्या खासगीपणाचा भंग होता कामा नये, असे आपले नियम म्हणतात, ते योग्यच आहे. आईने मूल देताना नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली नसेल, तर संस्थेने किंवा बाल कल्याण समितीने तिला गाठून तिची संमती विचारावी. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिले गेले ती कारणे अर्जदारास सांगावीत, अशी तरतूद आहे. या शेवटच्या तरतुदीची माहिती अर्जदारांना क्वचितच असते. नकार ऐकून ते परततात. कारणे मागत नाहीत. ती लेखी मागावीत.

नियमांतील खरी उणीव निराळी आहे. माहिती आणि भेट या दोन भिन्न गोष्टींची त्यांत एकच मोट बांधली आहे. भेट ही दोघांच्या राजीखुशीवाचून होऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आपण कोठे जन्मलो, कोणत्या नावाने नोंदले गेलो, आपल्याला कोणी व का दिले, घराण्यात कोणते रोग होते, ही माहिती अर्जदाराच्या स्वतःच्या आयुष्याचा पहिला अध्याय आहे. स्कॉटलंडने १९३० सालीच हा अध्याय उघडा केला. इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने अठरा वर्षांवरील दत्तकांना मूळ जन्मनोंद पाहण्याचा अधिकार दिला. त्यापूर्वी दत्तक गेलेल्यांना आधी समुपदेशकाची भेट घेण्याची अट घातली, कारण त्यांच्या आयांना गुप्ततेचा भरवसा देण्यात आला होता. पुढे १९९१ साली तेथे एक संपर्क रजिस्टर सुरू झाले. मूल आपले नाव त्यात घालते, आईही घालू शकते, आणि दोन्ही बाजू जुळल्या तर गाठ पडते. आयर्लंडचा इतिहास तर अधिक काळा. चर्चच्या आश्रमांतून अविवाहित मातांची मुले काढून घेण्यात आली आणि दशकानुदशके तोंडे बंद ठेवण्यात आली. त्याच आयर्लंडने २०२२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील व्यक्तीला आपली जन्मविषयक माहिती मिळविण्याचा पूर्ण हक्क दिला. आईने भेट नको असे कळविले असेल, तर अर्जदाराशी आधी बोलून तिची इच्छा त्याला समजावून सांगतात. माहिती मात्र अडवीत नाहीत. याउलट फ्रान्समध्ये स्त्रीला नाव न सांगता बाळंत होण्याचा अधिकार अजून आहे; पण तेथेही २००२ साली एक राष्ट्रीय मंडळ नेमून, मूल विचारीत आले तर आईकडे जाऊन तिला पुन्हा एकदा विचारावयाचे, अशी सोय करण्यात आली.

‘पुन्हा एकदा विचारणे’ हीच गोष्ट आपल्याकडे राहून गेली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने आईला निर्णय फिरविण्यास दोन महिन्यांची मुदत दिली, हे चांगले झाले. पण नाव गुप्त ठेवा असे भयभीत अवस्थेत एकदा म्हटले, की ते वाक्य तिला जन्मभर चिकटते. सासरा वारला, नवरा वारला, लोकलज्जेचे ओझे उतरले, मुलाला एकदा पाहावे असे वाटू लागले, तरी ‘तो आला तर माझे नाव सांगा’ हे तिने कोठे जाऊन सांगावे? संस्थेच्या पायरीपर्यंत जाण्याचे धैर्य तिला होईल काय? तिच्या बदललेल्या इच्छेची नोंद ठेवणारे एखादे गोपनीय रजिस्टर राज्यपातळीवर असावयास हवे. त्यास फारसा खर्चही येणार नाही. २०२४-२५ साली देशात सुमारे साडेचार हजार दत्तके झाली. म्हणजे हे काम अवाढव्य आकड्यांचेही नाही.

पुरोगामी वर्तुळात या शोधाविषयी एक नापसंतीचा सूर ऐकू येतो. रक्ताच्या नात्याचा हा मोह म्हणजे जातीच्या अभिमानाचेच दुसरे रूप. ज्यांनी वाढविले तेच आईबाप, मग मुळाचा हव्यास कशाला, असे काही जण विचारतात. युक्तिवाद ऐकावयास स्वच्छ वाटतो. परंतु ज्याला आपले गोत्र, गाव आणि आजोळ पाठ आहे, त्यानेच हा उपदेश करावा, यात थोडी गंमत आहे. शोध घेणारी बहुतेक माणसे वाढविणाऱ्यांना सोडून जाऊ इच्छीत नाहीत. आपल्याविषयी एक व्यवहार झाला, त्यावर सह्या झाल्या, कदाचित पैसेही फिरले, आणि त्या व्यवहाराचा विषय असलेल्या माणसालाच तो पाहण्याची बंदी, हा अन्याय त्यांना सलतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव केव्हा चढले आणि केव्हा उतरले, हे पाहण्याचा हक्क कोणीही मागतो आणि त्याला कोणी प्रतिगामी म्हणत नाही. शिवाय ‘गरिबीमुळे दिले’ हे दोन शब्द जेव्हा फाइलीत सापडतात, तेव्हा त्या व्यक्तीला रक्ताचा अभिमान मिळत नाही. आपल्या जन्मदात्रीला दोन वेळचे अन्न आणि एक छप्पर मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मिळतो. हा प्रश्न समाजवाद्यांना परका नाही.

कार्यकर्त्यांपुढे हे काम बहुधा असे येते: कोणी परदेशस्थ तरुणी जिल्ह्याच्या गावी उतरते, तिच्या हाती एक जुना फोटो आणि इंग्रजी हुकुमाची प्रत असते, भाषा येत नाही, आणि ओळखीच्या ओळखीने ती पक्षाच्या कचेरीत पोचते. तिला मदत करावी, हे उघड आहे. कशी करावी, याचे तारतम्य हवे. त्रयस्थाने मूळशोध करण्यास नियमांची मनाई आहे. ही मनाई खंडणीबहाद्दर ‘शोधक’ आणि सनसनाटीच्या मागे असलेले वार्ताहर यांना आवर घालते, तेवढ्यापुरती ती रास्त आहे. पण मराठीचे अक्षर न कळणाऱ्या मुलीला ती कचेरीच्या दारात एकटीही पाडते. तेव्हा कार्यकर्त्याने अर्ज तिच्याच सहीने करवावा, सोबत जावे, दुभाषाचे काम करावे, पोच घ्यावी, उत्तर न आल्यास पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयापर्यंत पाठपुरावा करावा, हुकुमावरून न्यायालयातील फाइल मागवावी. जीप घेऊन गावात जाऊ नये. चावडीवर फोटो दाखवून ‘ही कोणाची’ असे विचारू नये. एका दुपारच्या अशा चौकशीने एखाद्या म्हातारीचे घर उठू शकते, आणि मग त्या घरातील मंडळी मुलीला भेटण्याऐवजी गाव सोडून जातात.

हल्ली लाळेचा नमुना परदेशी कंपनीकडे पाठवून नातलग शोधण्याचा मार्ग पुष्कळांना मोह घालतो. भारतातील फारच थोड्या लोकांचे नमुने त्या कंपन्यांकडे असल्याने बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीतील एखादा दूरचा चुलतभाऊ न्यू जर्सीत सापडतो, त्याहून जवळचे कोणी नाही. कागद संपल्यावर हा मार्ग घ्यावा; आणि त्यातून मिळालेले नावही एका बेसावध कुटुंबाचेच असते, हे विसरू नये.

तातडीची गोष्ट दप्तरांची आहे. १९७० ते १९९० या काळात मुले देणाऱ्या कित्येक संस्था आज बंद आहेत, काहींचे परवाने गेले, काहींच्या जुन्या विश्वस्तांबरोबर किल्ल्याही गेल्या. न्यायालयातील कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्यास १९१७ पासून कायद्याचा आधार आहे, आणि पालकत्वाच्या जुन्या फाइली त्या कात्रीत सापडू शकतात. भारताने २००३ साली परदेशी दत्तकाविषयीच्या हेगच्या करारास मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या कलमात मुलाच्या मुळाविषयीची माहिती जतन करण्याचे बंधन स्पष्ट आहे. तेव्हा महाराष्ट्रात दत्तकाचे काम केलेल्या किती संस्था बंद झाल्या, त्यांची आवक रजिस्टरे आणि त्यागपत्रे आज कोणाच्या ताब्यात आहेत, ती शासकीय अभिलेखागारात आणण्यासाठी काय केले आणि दत्तकाच्या न्यायालयीन फाइली नष्ट न करण्याविषयी उच्च न्यायालयास विनंती केली आहे काय, एवढे चार उपप्रश्न असलेला तारांकित प्रश्न येत्या अधिवेशनात कोणाही आमदाराला विचारता येईल.